काजूगर आठव्या प्रकरणात, खारा काजू विसाव्या प्रकरणात: एचएस कोड ठरतो कसा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळ आपला काजूप्रक्रियेचा छोटा कारखाना आहे आणि दुबईच्या एका खरेदीदाराला आपण साधा काजूगर, भाजून खारवलेला काजू, मसाला काजू आणि दिवाळीची भेटपेटी असे चार प्रकार पाठवणार आहात. आपल्या सीमाशुल्क एजंटाने चारही प्रकारांना ०८०१ पासून सुरू होणारा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीच्या जागतिक वर्गवारीतला मालाचा क्रमांक, लावला. तिकडच्या एजंटाने मात्र खारा व मसाला काजू २००८ या क्रमांकाखाली घातला आणि भेटपेटीतली प्रत्येक वस्तू वेगळी दाखवा असे कळवले. दोघांत बरोबर कोण आणि एकाच काजूला इतके वेगवेगळे क्रमांक कशासाठी, हे आपण विचारले आहे.

तिकडच्या एजंटाचे म्हणणे बरोबर आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्काची कागदपत्रे तयार करण्याचे काम करतो आणि काजूच्या बाबतीत हीच चूक मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून नुसते कोड न देता ते कसे निघतात हे सविस्तर सांगतो. रीत एकदा समजली की पुढच्या मालाचा कोड आपण स्वतःच पडताळून पाहू शकाल.

ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली मालाची ही वर्गवारी, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टम किंवा एचएस, १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तिच्यात २१ विभाग आणि ९७ प्रकरणे आहेत, त्यांपैकी ७७ वे प्रकरण भविष्यासाठी मोकळे ठेवलेले आहे. रचना साधारणपणे निसर्गातल्या कच्च्या मालाकडून कारागिरीच्या मालाकडे जाते: पहिल्या प्रकरणात जिवंत जनावरे, शेवटच्यात कलाकृती आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. क्रमांकाचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण, चार अंक म्हणजे शीर्षक, सहा अंक म्हणजे उपशीर्षक. हे सहा अंक जगभर एकच असतात, त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. भारतात आठ अंक आहेत, अमेरिकेत दहा. म्हणून दुबईच्या एजंटाचा आणि आपला कोड सातव्या अंकापासून वेगळा निघाला तर काळजीचे कारण नाही. पहिल्या सहा अंकांतच फरक निघाला, तर दोघांपैकी एकाचे चुकले आहे असे समजावे.

आता काजूकडे येऊ. सालीसकट काजू बी ०८०१ ३१ मध्ये जाते आणि फोडून काढलेला काजूगर ०८०१ ३२ मध्ये. काजूगराचे पीठ केले की तो आठव्या प्रकरणातून बाहेर पडतो आणि ११०६ मध्ये जातो, कारण आठव्या प्रकरणातल्या फळांच्या व कठीण कवचाच्या फळांच्या पिठाला तिथे स्वतंत्र जागा आहे. टरफलाचे तेल १३०२ मध्ये, बोंडूचा (काजूच्या फळाचा) न आंबलेला रस २००९ मध्ये, आणि तोच रस आंबवून गाळलेली फेणी २२०८ मध्ये. एकाच झाडावरून उतरलेला माल पाच प्रकरणांत विभागला जातो. सीमेवर माल ज्या स्थितीत हजर होतो, त्या स्थितीत तो काय आहे एवढेच ही वर्गवारी विचारते. त्याचे मूळ किंवा बाजारातले नाव यांचा विचार त्यानंतर, आणि तोही संहितेतल्या शब्दांनी मागितला तरच होतो.

वर्गीकरणाचे सहा सर्वसाधारण नियम आहेत आणि ते भारताच्या १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आरंभीच छापलेले आहेत. पहिला नियम सांगतो की विभाग आणि प्रकरणांची नावे केवळ संदर्भाच्या सोयीसाठी असतात. वर्गीकरण ठरते ते शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभागांच्या व प्रकरणांच्या टीपांवरून. माझ्या अनुभवात दहापैकी आठ-नऊ प्रश्न या पहिल्या नियमातच सुटतात आणि न सुटलेल्यांपैकी बरेचसे प्रकरणाच्या टीपा न वाचल्यामुळे अडलेले असतात. कोडच्या संकेतस्थळावर "काजू" असा शब्द टाकून पहिला दिसेल तो क्रमांक उचलण्याची सवय इथेच अडचणीत आणते, कारण त्या यादीत टीपा दिसत नाहीत.

आठव्या प्रकरणाची तिसरी टीप आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. वाळवलेल्या फळांवर किंवा कठीण कवचाच्या फळांवर टिकवण्यासाठी सौम्य उष्णतेची प्रक्रिया केली, गंधकाची धुरी दिली, किंवा रूप सुधारण्यासाठी थोडे वनस्पती तेल लावले, तरी ते आठव्या प्रकरणातच राहतात, मात्र वाळवलेल्या मालाचे त्यांचे स्वरूप कायम राहिले पाहिजे. ही टीप आपल्या कारखान्यातल्या कामावर ठेवून पाहा. बी फोडण्याआधी तिला बॉयलरची वाफ देतात. तो बी फोडणे सोपे होण्याचा उपाय आहे. फोडलेला गर बोरम्यात (गरम हवेच्या वाळवणीच्या कपाटात) वाळवतात, तो आतली तांबूस पापडी सुटावी आणि ओलावा उतरावा म्हणून. या दोन्ही टप्प्यांवर उष्णता लागली, पण गर भाजला गेला नाही, तो वाळवलेला काजूगरच राहिला. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रतींत निवडलेला हा माल निःशंकपणे ०८०१ ३२ मध्ये जातो. बोरम्यात जरा जास्त राहून किंचित तपकिरी झालेला, ज्याला व्यापारात एसडब्ल्यू म्हणतात तो गरही तिथेच, कारण त्याचा रंग प्रक्रियेच्या ओघात आलेला आहे, खाण्यासाठी भाजल्यामुळे नव्हे. भारतीय अनुसूचीत अख्ख्या गराला आणि तुकड्याला आठ अंकी पातळीवर वेगळे क्रमांक आहेत, ते मात्र नीट पाहून लिहावेत.

तोच गर कढईत किंवा ओव्हनमध्ये खाण्याजोगा खमंग भाजला की टीपेतली "सौम्य उष्णता" ही मर्यादा ओलांडली जाते. मीठ लावले नाही तरी भाजलेला काजू २००८ १९ मध्ये जातो; मीठ, मिरपूड, तिखट किंवा पुदिना लावलेला तर जातोच. विसाव्या प्रकरणात "अन्य प्रकारे तयार केलेल्या किंवा टिकवलेल्या" फळांना व कठीण कवचाच्या फळांना जागा आहे, आणि चवीसाठी केलेली प्रक्रिया म्हणजे तयारीच होय. भारताच्या अनुसूचीत भाजलेल्या वा खारवलेल्या काजूला २००८ १९ १० हा स्वतंत्र क्रमांकच आहे. आपल्या एजंटाने तो पाहिला असता तर हा घोळ झाला नसता. साखरेचा पाक चढवलेला काजू मात्र २००८ मध्येही राहत नाही. विसाव्या प्रकरणाची दुसरी टीप सांगते की साखर चढवलेले बदाम आणि तत्सम मिठाई १७०४ मध्ये आणि चॉकलेटची मिठाई १८०६ मध्ये जाते. म्हणून पुढच्या वर्षी आपण चॉकलेट काजू सुरू केलात, तर जुन्या बीजकावरचा कोड त्याला लावू नका.

भाजणे आणि वाळवणे यांतली सीमा किती महाग पडू शकते, हे सुपारीच्या उदाहरणावरून दिसते. कच्ची व वाळवलेली सुपारी ०८०२ ८० मध्ये येते, तिच्यावर भारतात १०० टक्के मूळ सीमाशुल्क आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून तिचे किमान आयात मूल्य किलोला ३५१ रुपये ठरवलेले आहे. साहजिकच भाजलेल्या सुपारीचे काय, हा प्रश्न वारंवार उभा राहिला. वर्गवारीच्या अधिकृत स्पष्टीकरणात्मक टिपणांत २००८ खाली भाजलेल्या कठीण कवचाच्या फळांच्या उदाहरणांत सुपारीचे नाव आहे, आणि २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने भाजलेली सुपारी २००८ या शीर्षकातच जाते असा निर्णय दिला. पण कागदावर "भाजलेली" लिहिले म्हणून ती भाजलेली ठरत नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो, ओलावा आणि अंतर्भाग तपासला जातो, आणि नुसतीच वाळवलेली निघाली तर दरातल्या फरकासह दंडाचीही वेळ येते. आपल्या कोकणातल्या सुपारी बागायतदारांच्या भावाशी हा वाद थेट जोडलेला आहे, म्हणून त्याला तांत्रिक कीस म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

आता भेटपेटी. आपण लिहिले आहे की पेटीत साध्या काजूगराचे एक पाकीट, मसाला काजूचे एक पाकीट, काजू-बदाम-मनुकांच्या मिश्रणाचे एक पाकीट आणि एक पितळी निरांजन असते, आणि हे सर्व सावंतवाडीच्या लाखकामाच्या रंगीत लाकडी पेटीत घातलेले असते. आपल्या एजंटाने "मुख्य माल काजू" म्हणून सगळ्याला एकच कोड लावला. त्याच्या मनात तिसऱ्या नियमाचा दुसरा भाग असावा: किरकोळ विक्रीसाठी संच म्हणून मांडलेल्या वस्तूंचे वर्गीकरण, ज्या घटकामुळे संचाला त्याचे मूलभूत स्वरूप मिळते त्या घटकाप्रमाणे करावे. पण संच कशाला म्हणायचे, याच्या अटी स्पष्टीकरणात्मक टिपणांत दिलेल्या आहेत. वस्तू निदान दोन वेगवेगळ्या शीर्षकांतल्या हव्यात, त्या पुन्हा न बांधता थेट ग्राहकाला विकण्याजोग्या हव्यात, आणि एखादी विशिष्ट गरज भागवण्यासाठी किंवा एखादे विशिष्ट काम पार पाडण्यासाठी एकत्र आणलेल्या हव्यात. तिसरी अट आपल्या पेटीला लागू पडत नाही. टिपणांतली उदाहरणे फार बोलकी आहेत. न शिजवलेली स्पॅगेटी, किसलेले चीज आणि टोमॅटो सॉस एका खोक्यात असले तर तो संच होतो, कारण तिन्ही मिळून एक पदार्थ शिजतो. तो १९०२ मध्ये जातो. कोळंबी, चीज, बेकन आणि सॉसेज यांचे डबे एकत्र दिले, किंवा मद्यार्काची एक बाटली आणि वाइनची एक बाटली एकत्र दिली, तर तो संच नव्हे आणि प्रत्येकाचे वर्गीकरण वेगळे होते. काजूची पाकिटे आणि निरांजन दिवाळीच्या भावनेने एकत्र आली आहेत आणि ती भावना खरी आहे, तरी कोणतेही एक काम ती मिळून करत नाहीत.

म्हणून साधा काजूगर ०८०१ ३२ मध्ये, मसाला काजू २००८ १९ मध्ये आणि निरांजन धातूच्या वस्तूंच्या आपल्या शीर्षकात दाखवावे. मिश्रणाच्या पाकिटासाठी पुन्हा पहिला नियमच पुरतो, कारण आठव्या प्रकरणातल्या वाळवलेल्या फळांच्या आणि कठीण कवचाच्या फळांच्या मिश्रणाला ०८१३ ५० हे उपशीर्षक आधीच दिलेले आहे. मात्र त्यातला काजू आणि बदाम भाजलेला असेल, तर मिश्रण विसाव्या प्रकरणात जाईल आणि मनुका असल्यामुळे २००८ ९७ पाहावे लागेल. "मुख्य घटक कोणता" हे शोधायला निघण्याआधी शीर्षकाचे शब्द पुरे वाचले पाहिजेत, असे मी वारंवार सांगतो ते यासाठीच.

राहिली लाकडी पेटी. पाचवा नियम सांगतो की मालाबरोबर येणारे नेहमीचे बांधणीचे साहित्य मालाबरोबरच वर्गीकृत होते. पुठ्ठ्याचे खोके, पत्र्याचा साधा डबा, प्लास्टिकची पिशवी यांना म्हणून वेगळा कोड लागत नाही. परंतु ज्या पात्रामुळे एकूण वस्तूला तिचे मूलभूत स्वरूप मिळते, त्याला ही सवलत नाही. टिपणांत चहा भरलेला चांदीचा डबा आणि मिठाई भरलेले शोभेचे चिनीमातीचे भांडे ही उदाहरणे दिली आहेत. सावंतवाडीच्या कारागिराने रंगवलेली आणि काजू संपल्यावर वर्षानुवर्षे दागिन्यांसाठी वापरली जाणारी पेटी माझ्या मते याच जातीची आहे. ती ४४२० मध्ये, म्हणजे लाकडी शोभेच्या वस्तू आणि पेट्यांच्या शीर्षकात, वेगळी दाखवणे मला योग्य वाटते. तसे केल्याने बीजकावर तिची किंमतही वेगळी दिसते, आणि कारागिराच्या कामाचे मोल काजूच्या वजनात बुडून जात नाही.

वस्तू कशी वापरली जाते आणि वस्तू काय आहे यांतला फरक कळण्यासाठी खोबरेल तेलाचा निकाल आवर्जून वाचावा. आपल्याकडे देशावरच्या बहुतेक घरांत खोबरेल म्हटले की केसच डोळ्यांपुढे येतात. केरळात आणि किनारपट्टीवर तेच तेल फोडणीला पडते. छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल १५१३ मधले खाद्यतेल की ३३०५ मधले केसांचे प्रसाधन, हा वाद उत्पादनशुल्काच्या अनुसूचीवरून सर्वोच्च न्यायालयात गेला. तीही अनुसूची याच वर्गवारीवर बेतलेली होती. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली, आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे तेल खाद्यतेलातच राहते असा निर्णय दिला. ३३ व्या प्रकरणाची तिसरी टीप त्यात केंद्रस्थानी होती: माल त्या वापरासाठी योग्य असणे पुरेसे नाही, तो त्या वापरासाठी किरकोळ विक्रीच्या बांधणीत मांडलेलाही हवा. बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल होत नाही. वेष्टनावर ते केसांसाठी आहे असे सांगितले, तर चित्र बदलते. यावरून आपल्या पाकिटावरच्या मजकुराचे महत्त्वही लक्षात यावे. एका निर्यातदाराच्या मालाबाबत हे मी स्वतः सोसले आहे. बीजकावर ०८०१ ३२ आणि पाकिटांवर मोठ्या अक्षरांत "रोस्टेड" असा माल परदेशी बंदरात अडकला, खुलासे करता करता बरेच दिवस गेले आणि साठवणुकीचा खर्च निर्यातदारावर पडला. चूक आमच्या कार्यालयाची होती. आम्ही मागच्या खेपेचे बीजक पाहून कोड उतरवला होता.

चुकीच्या कोडचा परिणाम केवळ शुल्कावर होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आयात-निर्यातीवरचे निर्बंध, अन्नसुरक्षेच्या अटी, निर्यातीवरचे परतावे आणि मुक्त व्यापार करारातली मूळ देशाची अट या सगळ्या गोष्टी याच क्रमांकाला टांगलेल्या असतात. शेवटचा मुद्दा काजूवाल्यांसाठी फार जिव्हाळ्याचा आहे. आपल्याकडचे अनेक कारखाने आफ्रिकेतून काजू बी आणून इथे फोडतात. बी ०८०१ ३१ मध्ये आणि गर ०८०१ ३२ मध्ये असल्यामुळे फोडल्यावर उपशीर्षक बदलते, पण चार अंकी शीर्षक तेच राहते. ज्या करारात मूळ देश ठरवण्यासाठी शीर्षक बदलण्याची अट आहे, तिथे आयात केलेल्या बीचा गर नुसत्या फोडणीने भारतीय ठरत नाही. तोच गर भाजून खारवला की तो आठव्या प्रकरणातून विसाव्यात जातो आणि शीर्षकच नव्हे तर प्रकरणही बदलते. यासाठी भारत-संयुक्त अरब अमिराती करारातली त्या त्या क्रमांकासमोरची अट प्रत्यक्ष वाचावी आणि कोकणातली बी कोणत्या लॉटमध्ये व बाहेरची कोणत्या लॉटमध्ये, याची नोंद कारखान्यात वेगळी ठेवावी. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर सही करण्याआधी ही नोंद हाताशी असली पाहिजे.

शंका राहिली तर अंतिम शब्द कोणाचा? आयात करणाऱ्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचा, आणि वाद झाला तर तिथल्या न्यायालयाचा. आपल्याकडे २०११ पासून स्वयंनिर्धारण आहे, म्हणजे कोड लिहिण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्या-आणणाऱ्याची असते. "एजंटाने सांगितले" हा बचाव तोकडा पडतो. आयातीत कमी शुल्क भरले गेले असेल तर खाते सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत मागणी करू शकते, आणि हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिली किंवा माहिती दडवली असे ठरले तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून खऱ्या शंकेच्या वेळी मुंबई किंवा दिल्लीच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे जाणे हिताचे ठरते. अर्जदाराला आणि त्याच्या बाबतीत खात्यालाही तो निर्णय बांधील असतो. अमेरिका आणि युरोपीय संघ यांचे जुने निर्णय तर इंटरनेटवर खुले आहेत. ते आपल्याला बंधनकारक नसले तरी त्यांतले युक्तिवाद वाचून बरेच काही शिकता येते. स्पष्टीकरणात्मक टिपणांबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स खटल्यात म्हटले आहे की आपली अनुसूची या वर्गवारीवर आधारलेली असल्यामुळे शंकेच्या वेळी ती टिपणे हा सुरक्षित मार्गदर्शक आहे.

वर्गवारी दर पाच-सहा वर्षांनी बदलते, तेही ध्यानात ठेवावे. २०२२ च्या आवृत्तीत ड्रोनना ८८०६ हे स्वतंत्र शीर्षक मिळाले आणि स्मार्टफोनना ८५१७ १३ हे उपशीर्षक. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. त्या वेळी आपला प्रत्येक क्रमांक नव्याने तपासा.

या खेपेपुरते सांगायचे तर चारही प्रकारांचे बीजक पुन्हा करा. प्रत्येक ओळीत नुसते "काजू" न लिहिता, "वाळवलेला अख्खा काजूगर, न भाजलेला", "भाजून खारवलेला काजू, किरकोळ पाकिटात" असे पुरे वर्णन द्या, पाकिटावरचा मजकूर त्याच्याशी जुळतो का पाहा, आणि भाजण्याची वेळ व तापमान नोंदवलेला कारखान्याचा एक कागद एजंटाकडे आधीच देऊन ठेवा. भेटपेटीच्या प्रत्येक घटकाची किंमत स्वतंत्र लिहा, पेटीचीसुद्धा. शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याला द्यायचा दस्तऐवज) दाखल झालेले नसेल तर हे एका दिवसाचे काम आहे. झालेले असेल तर दुरुस्तीसाठी सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १४९ खाली अर्ज करावा लागेल, आणि तो माल जहाजावर चढण्याआधी केलेला बरा.